आकाशाचे रंग वाचणारे फादर आंजेलो सेक्की



नाताळच्या रात्रीची मिस्सा आटोपून आपण चर्चच्या पटांगणात एकमेकांना शुभेच्छा देत उभे असतो, तेव्हा फार थोड्यांची नजर वर जाते. त्या वेळी मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर आलेले असते. त्याच्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात काक्षी नावाचा तारा आहे. जुनी माणसे त्यालाच आर्द्रा म्हणतात. त्याचा रंग विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस आहे. त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा, आणि थोडा खाली लखलखणारा व्याध पांढराशुभ्र. तिघेही आपल्याला टाचणीच्या टोकाएवढेच दिसतात. त्यांतला मोठा कोणता, लहान कोणता? जास्त तापलेला कोणता? आणि ते कशाचे बनलेले आहेत?

आज शाळेतला मुलगाही या प्रश्नांची थोडीफार उत्तरे देतो. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मोठमोठे विद्वानसुद्धा हे प्रश्न विचारण्यात अर्थ नाही असे मानत होते. ही उत्तरे ताऱ्यांच्या रंगांत दडलेली आहेत हे ज्यांनी पहिल्यांदा पद्धतशीरपणे दाखवले, त्यांत एका कॅथलिक धर्मगुरूचे नाव अगदी वरच्या ओळीत आहे. ते म्हणजे येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की. खगोलशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचे नाव मानाने घेतले जाते. आपल्या ख्रिस्ती घरांत मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नसते. म्हणून आजच्या पानावर त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ या.

सेक्कींचा जन्म १८१८ च्या जून महिन्यात उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. आई व्यवहारी बाई होती. तिने या मुलाला शिवणकाम आणि विणकामही शिकवले होते. घर साधे, पण हातांना काम लावणारे. पुढे दुर्बिणीचे स्क्रू आवळताना आणि स्वतः आखलेली यंत्रे जुळवताना हे हात उपयोगी पडले असतील, असे मला वाटते. गावातील येशूसंघीयांच्या शाळेत शिकून १८३३ मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, ते रोमला जाऊन येशूसंघात दाखल झाले. रोमन कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांचा अभ्यास केला. पदार्थविज्ञान व गणित या विषयांत ते चमकले. काही वर्षे लोरेतो येथे शिकवून ते ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी रोमला परतले आणि १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षेला वर्षही होत नाही तोच वादळ आले. १८४८ मध्ये युरोपभर क्रांतीचे वारे वाहू लागले आणि येशूसंघीयांना रोम सोडावे लागले. तिशीतील हा धर्मगुरू आधी इंग्लंडमधील स्टोनीहर्स्ट येथे गेला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लिव्हरपूलहून आपल्या काही सोबत्यांबरोबर जहाजाने अमेरिकेला निघाला. वॉशिंग्टन शहराजवळच्या जॉर्जटाऊन येथे येशूसंघाचे कॉलेज होते. त्या कॉलेजची स्वतःची वेधशाळा होती आणि तिथे फादर कर्ली नावाचे अनुभवी खगोलवेत्ते होते. निर्वासित म्हणून गेलेले सेक्की तिथे शिकले आणि शिकवू लागले. समुद्राच्या प्रवाहांचा व वाऱ्यांचा अभ्यास करणारे अमेरिकन नौदलाचे मॅथ्यू मॉरी यांच्याशी त्यांचा तिथेच स्नेह जडला. हवामानशास्त्राची गोडी लागली ती इथे.

इकडे रोमन कॉलेजच्या वेधशाळेचे प्रमुख फादर फ्रांचेस्को दे व्हिको हेही परागंदा झाले होते. १८४८ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या जागी सेक्कींना नेमावे अशी त्यांची इच्छा होती. रोममध्ये परिस्थिती निवळल्यावर सेक्की परतले आणि वेधशाळा त्यांच्या हाती आली. वय जेमतेम एकतीस-बत्तीस.

आता या वेधशाळेची गोष्ट. ती सांगण्यासारखी आहे.

रोमन कॉलेजला लागून संत इग्नाती यांच्या नावाचे भव्य चर्च आहे. सतराव्या शतकात ते बांधले गेले तेव्हा त्यावर उंच घुमट चढवण्याचा बेत होता, आणि त्याचा भार पेलतील असे जाडजूड खांब उभारलेही होते. पण घुमट झालाच नाही. पैसे पुरले नाहीत हे एक कारण. शेजाऱ्यांना सावलीची भीती वाटत होती असेही सांगतात. शेवटी १६८५ मध्ये आंद्रेआ पोत्सो या येशूसंघीय ब्रदरांनी एका प्रचंड कापडावर घुमटाचे चित्र रंगवले आणि ते छताच्या जागी बसवले. चर्चच्या फरशीवर एक खूण केलेली आहे. तिच्यावर उभे राहून वर पाहिले की खराखुरा, खोल, उंच घुमट असल्याचा भास होतो. चार पावले बाजूला सरकलात की घुमट कलंडतो आणि ते सपाट चित्र आहे हे उघड होते. डोळ्यांना आकार किती सहज फसवू शकतो हे ज्याला अनुभवायचे असेल त्याने ही जागा जरूर पाहावी.

सेक्कींच्या लक्षात आले की, दुर्बिणीला जी गोष्ट सर्वांत जास्त हवी असते, ती म्हणजे न हलणारा पाया, या चर्चमध्ये फुकट पडून आहे. घुमटासाठी बांधलेले खांब दोन शतके आपल्या घुमटाची वाट पाहत उभेच होते. सेक्कींनी त्या खांबांच्या माथ्यावर, रंगवलेल्या घुमटाच्या वर, नवी वेधशाळा उभारली. एका येशूसंघीय सहकाऱ्याने वारशाने मिळालेला पैसा दिला आणि त्यातून म्युनिकच्या मेर्त्झ कारखान्यातून २४ सेंटिमीटर भिंगाची उत्तम दुर्बीण आली. खाली वेदीवर मिस्सा आणि वर छपरावर वेध, अशी ही दुमजली व्यवस्था होती. चर्चच्या छपरावरून रोज मध्यान्हीला एक गोळा खाली सोडला जाई, तो दिसला की किल्ल्यावरची तोफ उडे, आणि शहरातल्या चर्चच्या घंटा एकाच वेळी वाजत. ही प्रथा १८४७ च्या डिसेंबरात सुरू झाली होती. त्याआधी प्रत्येक चर्चची घंटा आपापल्या घड्याळाप्रमाणे वाजायची. (आपल्याकडेही काही धर्मग्रामांत अजून तशीच वाजते, पण तो विषय वेगळा.)

सेक्कींनी ज्या कामांना हात घातला त्यांची नुसती यादी केली तरी पान भरेल. पृथ्वीच्या मोजणीसाठी आप्पिया या प्राचीन रोमन रस्त्यावर त्यांनी पायारेषा मोजली. हवेचा दाब, उष्णता, वारा व पाऊस हे सर्व आपोआप कागदावर नोंदवणारे एक मोठे यंत्र त्यांनी तयार केले. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. मंगळावरच्या एका गडद पट्ट्याला त्यांनी कालवा या अर्थाचा इटालियन शब्द वापरला, आणि पुढे त्या शब्दावरून मंगळावर माणसे राहतात की काय इथपर्यंत लोकांनी मजल मारली. त्यात त्यांचा दोष नाही.

समुद्रकाठच्या आपल्या लोकांना त्यांचे एक काम जवळचे वाटेल. एप्रिल १८६५ मध्ये पोपमहोदयांच्या नौदलातील एका जहाजावरून, चिव्हितावेक्किया बंदराजवळ, त्यांनी पांढऱ्या तबकड्या दोरीला बांधून समुद्रात सोडल्या. तबकडी किती खोलीवर दिसेनाशी होते यावरून पाण्याची पारदर्शकता मोजली. पद्धत इतकी साधी की ती आजही जगभर चालते. तळ्याचे किंवा खाडीचे पाणी गढूळ किती हे तपासणारे विद्यार्थी आजही सेक्की तबकडीच वापरतात.

परंतु त्यांचे नाव राहिले ते ताऱ्यांमुळे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ओग्युस्त कोंत हा फ्रेंच विचारवंत अभ्यासाला होता. जे इंद्रियांनी तपासता येते तेवढेच ज्ञान, असा त्याचा आग्रह. याच कोंतने १८३५ मध्ये लिहून ठेवले की ताऱ्यांचे अंतर, आकार आणि गती यांबद्दल आपण काही जाणू शकू, परंतु ते कोणत्या द्रव्यांचे बनलेले आहेत हे मनुष्याला कोणत्याही उपायाने कधीच कळणार नाही. त्याचे म्हणणे तेव्हा सर्वांना पटण्यासारखे होते. तारा काही प्रयोगशाळेत आणून परीक्षानळीत टाकता येत नाही. तत्त्वज्ञ जेव्हा कधीच हा शब्द वापरतो तेव्हा सावध राहावे, हे मी कोंतच्या या उदाहरणावरून शिकलो. तो १८५७ मध्ये वारला आणि दोनच वर्षांनी जर्मनीत किर्खहोफ व बुन्सेन यांनी त्या कुलपाची किल्ली शोधली.

ही किल्ली काय ते थोडे समजून घेऊ. काचेच्या त्रिकोणी लोलकातून सूर्यप्रकाश गेला की त्याचे तानापिहिनिपाजा हे सात रंग फाकतात, हे शाळेत आपण सर्वजण शिकलो. जर्मनीतील फ्राउनहोफर या काचकारागिराने १८१४ मध्ये हा रंगीत पट्टा बारकाईने पाहिला, तेव्हा त्यात शेकडो बारीक काळ्या रेघा दिसल्या. त्या का आहेत हे त्याला कळले नाही. किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठराविक जागीच रेघा उमटवते. स्वयंपाक करताना भाताचे खारे पाणी उतू जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतीवर सांडले की ज्योत एकदम पिवळी होते, हे घरोघरी दिसते. ती मिठातल्या सोडियमची सही आहे. सूर्याच्या पट्ट्यात त्याच पिवळ्या जागी काळी रेघ असते, कारण सूर्याभोवतीच्या वायूतील सोडियम तेवढा प्रकाश शोषून घेते. म्हणजे सूर्यातही सोडियम आहे. सही वाचता आली की सही करणाऱ्यापर्यंत जाण्याची गरज उरत नाही.

फ्रान्सचे झान्सेन हे शास्त्रज्ञ रोमला आले असता त्यांनी आपला वर्णपट पाहण्याचा यंत्रसंच सेक्कींच्या दुर्बिणीला जोडून पाहिला. इथून सेक्कींच्या आयुष्याला नवी दिशा मिळाली. १८६३ पासून त्यांनी रात्रीमागून रात्री एकेक तारा घेऊन त्याचा वर्णपट पाहण्याचे काम सुरू केले. त्या वेळी हे काम फोटोने होत नव्हते. डोळा दुर्बिणीला लावायचा, क्षीण प्रकाशाचा तो थरथरता पट्टा पाहायचा, आणि हाताने त्याचे चित्र काढायचे. पुढे त्यांनी दुर्बिणीच्या तोंडाशीच मोठा लोलक बसवला, त्यामुळे अंधुक ताऱ्यांचे पट्टेही पाहता येऊ लागले. अशा प्रकारे त्यांनी चार हजारांहून अधिक तारे तपासले. दिवसा शिकवणे, पत्रव्यवहार, प्रार्थना, रात्री छपरावर. झोपत केव्हा असतील ते असोत.

एवढ्या ढिगाऱ्यातून त्यांच्या लक्षात आले की ताऱ्यांचे वर्णपट हजार प्रकारचे नसून मोजक्या प्रकारचे आहेत, आणि ते प्रकार रंगांशी जुळतात. व्याध आणि अभिजित यांसारखे पांढरे-निळसर तारे हा पहिला वर्ग; त्यांच्या पट्ट्यात हायड्रोजनच्या ठळक रेघा. ब्रह्महृदय, स्वाती आणि आपला सूर्य हा पिवळसर ताऱ्यांचा दुसरा वर्ग. त्यांत धातूंच्या असंख्य बारीक रेघा. काक्षी आणि ज्येष्ठा यांसारखे तांबूस तारे तिसऱ्या वर्गात. त्यांच्या पट्ट्यात रेघांबरोबर खांबांसारखे रुंद पट्टे. १८६८ मध्ये त्यांनी चौथा वर्ग वेगळा काढला. त्यात रक्तासारखे लाल पण अंधुक तारे आहेत, आणि त्यांचे पट्टे कार्बनयुक्त वायूच्या ज्योतीशी जुळतात हे त्यांनी ओळखले. अशाच एका लाल ताऱ्याचा वर्णपट पाहून ते इतके हरखले की त्याला त्यांनी ला सुपेर्बा, म्हणजे दिमाखदार, असे नाव दिले. आजही त्या ताऱ्याचे तेच नाव आहे. शर्मिष्ठेतील एका ताऱ्याच्या पट्ट्यात त्यांना काळ्याऐवजी चमकत्या रेघा दिसल्या. अशांचा त्यांनी पुढे पाचवा वर्ग केला.

सूर्य हा दुसऱ्या वर्गातील एक सामान्य तारा आहे, ही गोष्ट आपण आज सहज बोलून जातो. ती अंदाज म्हणून पूर्वीही कोणी कोणी सांगितली होती. पण स्वाती आणि ब्रह्महृदय यांच्या शेजारी एकाच रकान्यात सूर्याचे नाव पुराव्यानिशी आले ते या यादीत. ज्या संस्थेवर गॅलिलिओच्या खटल्यामुळे दोनशे वर्षे टीका होत होती, तिच्याच एका धर्मगुरूने रोममध्ये, चर्चच्या छपरावर बसून हे केले. टीकेला हे पूर्ण उत्तर होत नाही हे मी प्रामाणिकपणे म्हणेन. पण टीका करणाऱ्यांनी ही बाजूही सांगायला हवी.

रंगावरून नेमके काय कळते? लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे, आणि फार तापले की पांढरे. ताऱ्यांचेही तसेच. व्याधाच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे १०,००० अंश, सूर्याचे सुमारे ५,८००, आणि काक्षीचे सुमारे ३,५००. आपण नळाच्या तोटीवर लाल खूण म्हणजे गरम आणि निळी म्हणजे थंड असे शिकलो आहोत; आकाशात हे उलटे आहे. रंग आणि तापमान यांचे हे गणित सेक्कींच्या निधनानंतर पक्के झाले. आणि एकाच प्रकारच्या द्रव्यांनी बनलेल्या ताऱ्यांच्या पट्ट्यांत इतका फरक का पडतो, याचे सूत्र आपल्या कोलकात्याच्या मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. फरक मुख्यतः तापमानाचा आहे. १९२५ मध्ये सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेने साहांचे सूत्र वापरून दाखवले की सर्व तारे बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियम यांचेच बनलेले आहेत.

आणि आकार? इथे खरी गंमत आहे. थंड पृष्ठभाग कमी प्रकाश देतो. काक्षीच्या एक चौरस फूट पृष्ठभागातून सूर्याच्या तेवढ्याच भागापेक्षा सात-आठ पटींनी कमी ऊर्जा बाहेर पडते. तरीही पाचशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेला हा तारा आपल्याला इतका ठळक दिसतो. मग त्याचा पृष्ठभाग अफाट असला पाहिजे. निखाऱ्याने सगळे आवार उजळायचे असेल तर निखाऱ्यांची रास किती मोठी लागेल! १९२० च्या डिसेंबरात अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत मायकेलसन यांच्या पद्धतीने काक्षीचा व्यास प्रत्यक्ष मोजला गेला आणि तर्क खरा ठरला. काक्षी सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीच काय, मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. उलट व्याधाला एक अंधुक जोडीदार आहे. तो १८६२ मध्ये दिसला, आणि १९१५ मध्ये त्याचा वर्णपट पाहिल्यावर तो पांढरा, म्हणजे खूप तापलेला, असल्याचे कळले. तापलेला असूनही अंधुक. तेव्हा तो इवलासा असला पाहिजे. खरोखर तो पृथ्वीएवढाच आहे, पण वजन जवळजवळ सूर्याएवढे. टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांमागे असा जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो सांगितला कोणी? रंगाने.

आपल्या युवकांसाठी इथे एक गोष्ट सांगतो, कारण त्यांच्या हातात आता डिजिटल कॅमेरे आणि मोबाइल आहेत. आकाशाच्या फोटोत काही तारे मोठे दिसतात, काही लहान. ते ताऱ्यांचे आकारमान नव्हे. प्रखर ताऱ्याचा प्रकाश भिंगात आणि कॅमेऱ्यात थोडा पसरतो, आणि जितका प्रकाश जास्त तितका ठिपका फुगतो. रंगाचेही तसेच. डिजिटल चित्रातला प्रत्येक बारीक चौकोन लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे फक्त आकडे साठवतो, बहुधा ० ते २५५. तारा फार प्रखर असला की तिन्ही आकडे २५५ वर जाऊन अडकतात आणि तांबूस तारासुद्धा पांढरा उमटतो. एक्स्पोजर कमी करा, किंवा फोकस किंचित हलवून प्रकाश पसरू द्या, म्हणजे काक्षीचा निखारा फोटोतही दिसेल. सेक्कींच्या दुर्बिणीतही तारे ठिपकेच होते. ठिपक्याच्या आकाराला भुलायचे नाही एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता त्यांच्या आयुष्यातील कठीण भागाकडे येऊ.

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या राजाचे सैन्य रोममध्ये घुसले आणि पोपमहोदयांचे राज्य संपले. पोप नववे पायस व्हॅटिकनच्या भिंतींआड राहिले. सेक्की तेव्हा बावन्न वर्षांचे, कीर्तीच्या शिखरावर. याच वर्षी सूर्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला होता. नव्या सरकारला असा माणूस आपल्या बाजूला हवा होता. रोमच्या विद्यापीठात प्राध्यापकपद पुढे करण्यात आले. एकीकडे नवी साधने, सरकारी पैसा आणि मान. दुसरीकडे ज्या येशूसंघात पंधराव्या वर्षी पाऊल टाकले तो संघ आणि ज्या पोपमहोदयांनी आधार दिला ते वृद्ध पोप. शेवटी सेक्की सरकारच्या वाटेने गेले नाहीत.

पण त्यांनी दारे लावूनही घेतली नाहीत, आणि मला त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नव्या इटलीच्या सेवेत असलेले पिएत्रो ताक्कीनी हे खगोलशास्त्रज्ञ त्यांचे मित्र होते. १८७१ मध्ये दोघांनी इतरांसह इटलीतील वर्णपट-अभ्यासकांची संघटना स्थापन केली. ताऱ्यांच्या आणि सूर्याच्या भौतिक अभ्यासाला वाहिलेली अशी संघटना जगात पहिलीच. रोम आणि पालेर्मो येथून एकाच दिवशी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांची चित्रे काढली जात आणि मग ती शेजारी ठेवून पाहिली जात. राजकारणात ज्या दोन बाजू एकमेकींचे तोंड पाहत नव्हत्या, त्या बाजूंची ही दोन माणसे एकाच सूर्याच्या कागदावर रेषा ओढत होती. याच ताक्कीनींनी १८७४ मध्ये शुक्राच्या अधिक्रमणाचा वेध घेण्यासाठी आपल्या भारतात, बंगालमधील मुद्दापूर येथे तळ ठोकला होता, आणि त्यांच्या मदतीला कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे येशूसंघीय फादर लाफाँ गेले होते.

१८७३ मध्ये धार्मिक संस्थांच्या मालमत्ता ताब्यात घेण्याचा कायदा रोमलाही लागू झाला. रोमन कॉलेज सरकारजमा झाले. ज्या वास्तूत तीन शतके येशूसंघीय शिकले आणि शिकवत आले, तिथून त्यांना बाहेर पडावे लागले. सेक्कींच्या आयुष्यात हे दुसऱ्यांदा घडत होते. १८४८ मध्ये ते तरुण होते, बोट धरायला वरिष्ठ होते, समोर नवा देश होता. आता पंचावन्न वर्षांचे, आणि दुर्बीण खांबांवर पक्की बसवलेली. खांब काही उचलून नेता येत नाहीत. सरकारने मात्र त्यांना छपरावरून खाली उतरवले नाही. जगभरातील वैज्ञानिक संस्थांचे सदस्यत्व असलेल्या माणसाला हाकलले तर युरोपात छीथू झाली असती. तेव्हा खाली सरकारी शाळा, १८७६ पासून राष्ट्रीय ग्रंथालय, आणि वर काळ्या झग्यातले सेक्की, अशी विचित्र स्थिती पाच वर्षे चालली. दोन्ही बाजूंचे कडवे लोक नाराज. काहींना ते पुरेसे कट्टर वाटत नव्हते, काहींना पुरेसे राष्ट्रीय वाटत नव्हते. त्यांनी वाद घालण्याऐवजी ताऱ्यांवरचा ग्रंथ पुरा करण्याला महत्त्व दिले. तो १८७७ मध्ये निघाला.

तोवर पोटाच्या कर्करोगाने त्यांना गाठले होते. १८७८ चे वर्ष रोमसाठी मोठे विलक्षण ठरले. ९ जानेवारीला राजा व्हिक्टर इमॅन्युएल वारला. ७ फेब्रुवारीला पोप नववे पायस प्रभुघरी गेले. आणि २६ फेब्रुवारीला, नवे पोप तेरावे लिओ निवडून येऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा फादर सेक्कींनी प्राण सोडला. वय साठीच्या आत. व्हेरानोच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्यांच्या ताऱ्यांच्या वर्गांना जोडलेले रोमन आकडे पुढे मागे पडले. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी फोटोंच्या मदतीने सव्वादोन लाख ताऱ्यांची वर्गवारी केली. तिथे आकड्यांऐवजी अक्षरे आली, आणि आज ती अक्षरेच चालतात. रोममध्ये पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये व्हॅटिकन वेधशाळा नव्याने उभी केली. आज ती येशूसंघीयच चालवतात.

संत इग्नाती चर्चच्या छपरावरील वेधशाळेसाठी येशूसंघाने आपल्यातीलच एका फादरांना पुढे केले होते. परंतु सेक्की गेल्यावर सरकारला संकोच करण्याचे कारण उरले नव्हते. १८७९ मध्ये सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली आणि त्या फादरांना खाली उतरावे लागले. नवे संचालक म्हणून नेमणूक झाली ती पिएत्रो ताक्कीनी यांची. ते त्या जिन्याने वर चढले, मित्राच्या दुर्बिणीजवळ गेले, आणि सूर्याच्या ज्वाळांची रोजची नोंद पुढे चालू ठेवली.